नाकाला पितळ, कमरेला तांबं

फेब्रुवारी २०१९ मध्ये हाँगकाँगच्या एका वेफर्सच्या कारखान्यात फ्रान्सहून आलेले बटाटे निवडताना एक ‘बटाटा’ वेगळाच निघाला. साधारण किलोभर वजन, आठेक सेंटिमीटर रुंदी, वर चिखलाचा थर. तो पहिल्या महायुद्धातला जर्मन हातबॉम्ब होता. शंभर वर्षं फ्रान्समधल्या एका शेतात पडून राहिला, काढणीच्या यंत्राने बटाट्यांबरोबर उचलला, कंटेनरमधून अर्धी पृथ्वी फिरला आणि शेवटी हाँगकाँगच्या पोलिसांनी पाण्याच्या जोरदार झोताने तो निकामी केला. वाटेत त्याला किती हात लागले असतील, किती वेळा तो आपटला असेल, कोण जाणे.

माझे पुण्याचे नातेवाईक ही बातमी एकमेकांना हसण्याच्या चिन्हांसह पाठवत होते. मला तेवढं हसू आलं नाही. मी बेल्जियममध्ये गेंटला राहतो, आणि इथून गाडीने तासाभरावर इपर गावाच्या भोवतीची जी शेतं आहेत तिथे बटाटे, बीट आणि मका यांच्याबरोबर लोखंड निघणं ही दरवर्षीची गोष्ट आहे. लोक त्याला लोखंडाचं पीक म्हणतात. वसंतात नांगरट झाली की एकदा, शरदात काढणी झाली की पुन्हा. बेल्जियन सैन्याचं बॉम्बनाशक पथक या भागातून वर्षाला दीडशे ते दोनशे टन जुना दारूगोळा गोळा करतं. युद्ध संपलं १९१८ ला.

एवढं लोखंड आलं कुठून, याचा हिशेब फार अवघड नाही. १९१७ च्या जुलैत इपरजवळ इंग्रजांची मोठी चढाई सुरू झाली, तिच्या आधीच्या दोन आठवड्यांत एकट्या ब्रिटिश तोफांनी चाळीस लाखांहून जास्त गोळे टाकले. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्समध्ये सोम नदीकाठच्या लढाईआधी आठवडाभरात साधारण पंधरा लाख. यातले किती फुटले नाहीत? अंदाज चौथाईपासून तिसऱ्या हिश्शापर्यंत जातात. आपल्याकडे दिवाळीत लवंगी माळेतले काही फटाके फुसके निघतात आणि सकाळी पोरं ते वेचायला निघतात. इथे तेच झालं, फक्त वेचणाऱ्यांची चौथी-पाचवी पिढी चालू आहे.

फुसके का निघाले याची कारणं मात्र नीट समजून घेण्यासारखी आहेत, कारण धोका नेमका तिथेच आहे. एक तर घाई. १९१५ मध्ये ब्रिटनला गोळ्यांचा एवढा तुटवडा पडला की सरकार डगमगलं. मग दिसेल त्या कारखान्यात गोळे आणि ते फोडणारे फ्यूज बनू लागले, तपासणी ढिली पडली. दुसरं म्हणजे चिखल. पाऊस आणि उद्ध्वस्त झालेले पाट यांनी फ्लँडर्सची जमीन इतकी मऊ केली होती की गोळा तिच्यात खुपसला जायचा, पण आपटल्याचा झटका फ्यूजला पुरेसा मिळत नसे. नाकावरची सुई हलायची, पण ठिणगी पाडणाऱ्या टोपीपर्यंत पोचायची नाही.

आता फ्यूजची रचना पाहा. कोठारात ठेवलेला, गाडीत हादरणारा, हातातून पडलेला गोळा फुटू नये म्हणून फ्यूजमध्ये अडसर असतात. तोफ उडाल्यावर गोळ्याला जो प्रचंड धक्का बसतो त्याने एक अडसर मागे सरकतो. तोफेच्या नळीतल्या आट्यांमुळे गोळा गरगर फिरतो, त्या फिरण्याने दुसरे अडसर बाहेर फेकले जातात. म्हणजे गोळा तोफेतून सुटला की त्याची सगळी कुलपं उघडलेली असतात. उरते ती फक्त सुई आणि टोपी यांच्यातली काही मिलिमीटरची फट, आणि त्या फटीत एखादी बारीकशी स्प्रिंग. चिखलात पडून राहिलेल्या गोळ्यात ती स्प्रिंग शंभर वर्षं गंजत असते. म्हणून न उडवलेला गोळा आणि उडवून न फुटलेला गोळा यांत फरक करायचा झाला तर दुसरा जास्त वाईट. लोकांना उलटं वाटतं. ‘एवढ्या जोरात आपटूनही फुटला नाही, म्हणजे मेलेलाच आहे.’

हे मला असं तपशिलात सांगितलं माझ्या मामांनी. मामा खडकीच्या एचई, म्हणजे हाय एक्स्प्लोझिव्ह, फॅक्टरीतून निवृत्त झाले. स्फोटकांमध्ये उभी हयात गेली, आणि त्यांच्या दहाही बोटांकडे ते स्वतःच अधूनमधून कौतुकाने पाहतात. ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांना ब्रुसेल्स, चॉकलेटं, कालवे यांत काडीचा रस नव्हता. त्यांना इपर बघायचं होतं. लांगेमार्क आणि पुलकापेल्ले या गावांमधल्या रस्त्यावरून आम्ही जात होतो. बाजूला नुकतंच बीट काढलेलं शेत, काळी ओली ढेकळं, आणि बांधावर विजेचा काँक्रीटचा खांब. या खांबांना मध्ये पोकळ कप्पे असतात. त्यातल्या खालच्या कप्प्यात शेतकऱ्याने एक गोळा उभा करून ठेवला होता. हीच इथली रीत. पोलिसांना फोन करायचा, पोलीस नोंद करणार, आणि फेरीवर आलेली सैन्याची गाडी तो घेऊन जाणार. अधिकृत सूचना ‘जागेवरून हलवू नका’ अशी आहे, पण नांगराच्या वाटेत तो तसाच ठेवायला शेतकरी तयार नसतो. चुकीचं आहे, आणि पिढ्यान्पिढ्या चाललं आहे.

मामांनी गाडी लांब उभी करायला लावली. मी पुढे निघालो तसा त्यांचा आवाज आला, “अरे, हात मागे बांध आधी. आणि तिथूनच बघ.”

“मामा, मी हात लावणार नव्हतो.”

“सगळे तेच म्हणतात.”

बरंच अंतर ठेवून, स्वतःचेही हात पाठीमागे गुंफून, त्यांनी तो वाचायला सुरुवात केली. गंजाचा रंग विटकरी, त्यावर चिखल सुकून पापुद्रे सुटलेले. नाकाशी हिरवट पट्टा. “ते पितळ. फ्यूज जागेवर आहे.” मग बुडापासून थोडं वर, कमरेला बसवलेलं कडं. तेही हिरवं पडलेलं, पण एका जागी खरवडलं गेलं होतं आणि तिथे तांबडी चमक दिसत होती. “ते तांबं. त्याच्यावर तिरके चरे दिसतायत? नळीतल्या आट्यांनी पाडलेत. म्हणजे हा उडवलेला आहे. कडं गुळगुळीत असतं तर न उडवलेला म्हटलं असतं.” मी विचारलं, आत काय असेल? त्यांनी खांदे उडवले. “टीएनटी असेल तर ते शंभर वर्षांत म्हातारं होत नाही. पिक्रिक असेल तर ते म्हातारं होतं, आणि म्हातारपणी चिडकं होतं.”

पिक्रिक आम्लाची गोष्ट खरी आहे. ब्रिटिश लिडाइट, फ्रेंच मेलिनाइट ही त्याचीच नावं. हे आम्ल शिसं, तांबं अशा धातूंशी संयोग पावलं की जे क्षार तयार होतात ते मूळ स्फोटकापेक्षा कितीतरी हळवे असतात. घासलं तरी पुरे. म्हणून कारखान्यात गोळ्याच्या आतून वॉर्निश फासत. ते वॉर्निश अजून शाबूत आहे की नाही हे बाहेरून सांगणारा माणूस जन्माला यायचा आहे.

आणि सगळ्याच गोळ्यांत स्फोटक असतं असंही नाही. ब्रिटिशांची सगळ्यात जास्त वापरलेली अठरा पौंडी तोफ जो छर्‍याचा गोळा टाकायची त्यात पावणेचारशे शिशाच्या गोळ्या भरलेल्या असत. हवेत असताना वेळेवर चालणारा फ्यूज पेटला की बुडाशी ठेवलेली दारू त्या गोळ्या पुढे फेकत असे. गोळ्याची बाहेरची नळी फुटायचीही नाही. म्हणून आजही शेतात रिकाम्या नळ्या सापडतात, ज्यांचं काम कधीच होऊन गेलं आहे. त्यांच्या शेजारी, तशाच दिसणाऱ्या, काम न झालेल्याही सापडतात. मातीने तोंड बुजलेलं असलं की दोन्ही सारख्याच.

रासायनिक गोळे ही याहून वाईट जात. क्लोरिनच्या ढगाचा पहिला मोठा हल्ला इपरजवळच झाला, २२ एप्रिल १९१५ ला. मस्टर्ड गॅसही पहिल्यांदा इथेच आला, जुलै १९१७ मध्ये. जर्मनांनी ओळखीसाठी गोळ्यांवर रंगीत फुल्या काढल्या होत्या: हिरवी फुली फुप्फुसं जाळणाऱ्या वायूंची, पिवळी मस्टर्डची, निळी आर्सेनिकच्या संयुगाची, आणि हे शेवटचं तर गोळ्याच्या आत काचेच्या बाटलीत भरलेलं. सोय उत्तम होती, पण रंग मातीत पाच-दहा वर्षांत गेला. पुलकापेल्लेच्या लष्करी केंद्रात आता अशा गोळ्यांचं एक्स-रे चित्र घेतात, गोळा तिरका करतात आणि आतल्या रेषेची पातळी बदलते का पाहतात. बदलली म्हणजे आत द्रव आहे. मग तो बंद खोलीत, माणूस बाहेर ठेवून, यंत्राने उघडतात. मस्टर्डचा दुष्टपणा असा की अंगाला लागला तेव्हा काही होत नाही. फोड काही तासांनी येतात. तोवर माणूस तो गोळा गाडीच्या डिकीत घालून घरी पोचलेला असतो.

एप्रिल २००१ मध्ये फ्रान्समधल्या विमी गावाजवळच्या कोठारात असे गोळे गळायला लागल्याची भीती निर्माण झाली, तेव्हा बारा-तेरा हजार माणसांना घरं सोडावी लागली. बेल्जियमने तर युद्ध संपल्या संपल्या, १९१९-२० मध्ये, सुमारे पस्तीस हजार टन माल सरळ क्नोके-हाइस्टच्या किनाऱ्याजवळच्या वाळूच्या उथळ पट्ट्यावर नेऊन ओतला. तो तिथेच आहे. उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर गर्दी असते.

बाकी इथे विनोदी गोष्टीही घडतात, म्हणजे माणूस मेला नसेल तर. ७ जून १९१७ ला मेसिनच्या टेकडीखाली ब्रिटिशांनी खणलेले एकोणीस सुरुंग एकदम उडवले. काही राहून गेले. त्यातला एक १९५५ मध्ये वीज पडल्याने उडाला. बळी: एक गाय. आणखी काही अजून जमिनीखाली आहेत आणि वरती शेतकरी राहतात. पण १९ मार्च २०१४ ला इपरमध्येच एका बांधकामाच्या जागी जुना गोळा उडाला आणि दोन मजूर गेले. ते दोघेही परदेशातून पोटापाण्यासाठी आले होते. गोळा टाकणारे कोण, कशासाठी भांडत होते, याच्याशी त्यांचा काय संबंध?

आपला संबंध तसा आहे. इपरपासून दक्षिणेला, फ्रान्सच्या हद्दीत, नव शापेल नावाचं खेडं लागतं. २८ ऑक्टोबर १९१४ ला तिथल्या हल्ल्यात खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. खंदक खणायचे, पूल बांधायचे, सुरुंग लावायचे अशी ज्यांची विद्या, त्यांना संगिनी लावून गल्ल्यांत घुसवलं. त्यांचे जवळपास सगळे ब्रिटिश अधिकारी त्या एका दिवसात ठार किंवा जखमी झाले, जवान किती पडले ते वेगळंच. गावाबाहेरच्या स्मारकावर ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा साडेचार हजारांहून जास्त हिंदी सैनिकांची नावं आहेत. मामांचं घर खडकी बाजारात. स्मारकाच्या गोल भिंतीजवळ ते बराच वेळ सॅपर्सची पाटी शोधत होते. त्या शेतांतूनही अजून गोळे निघतात.

परतीच्या वाटेवर जुन्या बाजारात त्यांना एक पितळी फुलदाणी आवडली. तोफगोळ्याच्या नळकांड्यावर पानंफुलं ठोकून सैनिकांनी अशा फुलदाण्या बनवल्या, घराघरांत असतात. नळकांडं वेगळं आणि गोळा वेगळा, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं: नळकांडं पितळेचं, त्यातली दारू जळली की तोफेमागे पडतं, गोळा पोलादाचा, तो उडून जातो. फुलदाणी निर्धोक. मामांनी ती उलटी केली, बुडाच्या मधोमध बत्तीच्या टोपीवरचा खळगा पाहिला, मान डोलावली, आणि परत ठेवली. विमानतळावर शंभर वेळा समजावून सांगायला नको म्हणून.

या सगळ्यात मला एक गोष्ट खटकत राहते. कोणता गोळा कोणता हे शिकवणारी माहिती आता मुबलक आहे. तक्ते, चित्रं, व्हिडिओ. आणि मेलेल्यांच्या याद्या पाहिल्या तर अडाणी माणसं कमी, जाणकार जास्त. १९४५ पासून फ्रान्समध्ये सहाशेहून जास्त बॉम्बनाशक कर्मचारी या कामात गेले. ते तर कसलेले. २००८ साली अमेरिकेत व्हर्जिनियात एक संग्राहक आपल्या घराच्या अंगणात यादवी युद्धातला गोल तोफगोळा साफ करत होता. असे शेकडो गोळे त्याने आधी साफ केले होते. तो गेला, आणि एक तुकडा पाव मैलावरच्या घराच्या ओसरीत शिरला. १८६० च्या दशकातली काळी दारू, दीडशे वर्षांनी. ओळख वाढली की भीड चेपते आणि भीड चेपली की हात पुढे जातो. म्हणून सामान्य माणसाने ओळखायला शिकावं ते एवढ्यापुरतंच: हे नेहमीचं भंगार नाही, हे कळावं. त्यापुढची ओळख ही विषाची परीक्षा.

व्हर्जिनियाच्या गोष्टीचा धागा आपल्या गडांपर्यंत येतो. गडकोटांवर सापडणारे लोखंडी गोळे सगळे भरीव असतात अशी समजूत आहे, आणि बहुतेक असतातही. पण कुलपी गोळे, म्हणजे आत दारू भरलेले पोकळ गोळे, आपल्याकडेही उडाले. मे १८१८ मध्ये पोटल्याच्या डोंगरावरून इंग्रजांनी रायगडावर जो मारा केला, ज्याने वाड्यांना आग लागली, तो अशाच गोळ्यांचा. त्यातले सगळे फुटले असतील? गोळ्याला बत्तीचं भोक असतं, पण दोनशे वर्षांच्या गंजाने ते असं बुजतं की बोट फिरवूनही कळत नाही. आणि काळी दारू भिजून पुन्हा वाळली की कामाला तयार. संवर्धनाच्या कामात झिजणारी तरुण मुलं टाक्यातला गाळ उपसताना सापडलेला गोळा तारेच्या ब्रशने घासतात, तेल लावतात, त्याच्यासोबत फोटो काढतात. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. ब्रशबद्दल नाही.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ ला दारूगोळा आणि सोनं भरलेल्या फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. त्या गोदीच्या गाळातून सोन्याच्या विटा निघतात, याच्या कहाण्या आपण चवीने सांगतो. त्याच गाळातून ऑक्टोबर २०११ मध्ये पंचेचाळीस किलोचा जिवंत गोळा निघाला, ते कोणी सांगत नाही.

पण गड आणि गोदी राहू द्या. अहिल्यानगरजवळ लष्कराची के. के. रेंज आहे, खारे कर्जुने आणि आसपासची गावं तिला लागून आहेत. सरावात उडवलेले गोळे तिथे पडतात, काही फुटत नाहीत, आणि भंगारासाठी ते उचलताना, फोडताना माणसं मेली आहेत. लोखंडाला भाव बेताचा. माणूस जीव धोक्यात घालतो ते त्या कमरेच्या कड्यासाठी, तांब्यासाठी. मामांनी लांबून ज्याच्यावरचे चरे वाचले ते कडं तिथे छिन्नी-हातोड्याने उचकटतात. मृत्यूनंतर बातमीत ‘हलगर्जीपणा’ असा शब्द येतो. मला तो अन्यायाचा वाटतो. इपरच्या शेतकऱ्याने फोन केला तर त्याचं काही जात नाही. गाडी येते, गोळा जातो, तो पुन्हा ट्रॅक्टरवर बसतो. के. के. रेंजजवळ फोन करणाऱ्याचं तांबं जातं, वर ‘तू तिथे कशाला गेला होतास’ याचा जबाब द्यावा लागतो, कारण हद्दीत शिरणं हाच गुन्हा. गोळा दाखवणाऱ्याला तांब्याच्या भावाइतके पैसे हातावर ठेवले आणि प्रश्न विचारले नाहीत, तर फलकांपेक्षा जास्त उपयोग होईल असं माझं मत आहे. त्यात पैसे मिळवण्यासाठी लोक गोळे उचलून आणतील हा धोका आहे, मान्य. म्हणून पैसे जागा दाखवण्याचे, आणण्याचे नाहीत.

सापडलाच तर करायचं ते थोडकं आहे. आलो त्याच वाटेने मागे फिरायचं. लांबूनच जागेची खूण लक्षात ठेवायची, पोरांना आणि गुरांना तिकडे जाऊ द्यायचं नाही, ११२ ला फोन करायचा, आणि बॉम्बशोधक पथक येईपर्यंत फुशारकी मारायची नाही. पाण्यात टाकायचा नाही, पुरायचा नाही, जाळायचा तर मुळीच नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या भाच्याने मामांना एका गडावरच्या टाक्यात सापडलेल्या गोळ्याचा फोटो पाठवला. शेजारी प्रमाणासाठी पाण्याची बाटली ठेवलेली. “आजोबा, भरीव आहे की कुलपी?” मामांनी चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, “फोटोवरून मी भोपळा ओळखीन. पोलिसांना कळव.” पथक आलं. गोळा भरीव निघाला. मुलं मामांवर अजून रागावलेली आहेत, कारण तो मुद्देमालात जमा झाला आहे आणि परत कधी मिळेल ते कोणी सांगत नाही.